कागदावर भिस्त, जिभेला धार

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल सोडले की पेण, माणगाव, महाड ही गावे एकामागून एक येतात. गाडीतल्या प्रवाशाला ती चहा-वड्यासाठी थांबायची ठिकाणे. आम्हा इथल्या माणसांना मात्र या रस्त्याचा प्रत्येक फाटा इतिहासात शिरताना दिसतो. आमच्या माणगावाजवळच्या गांगवलीत १६८२ मध्ये शाहू महाराजांचा जन्म झाला. माणगावाहून म्हसळ्याच्या वाटेने श्रीवर्धनला गेले, की भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे गाव लागते. निजामपूरच्या बाजूने पाचाडला गेले, की समोर रायगड उभा. इतिहास घडवणारी माणसे या मातीने दिली, हे आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. पण तो इतिहास ज्याने गावोगाव फिरून, वाळवी आणि उंदीर यांच्या तोंडून ओढून काढला, तो माणूसही आमच्याच जिल्ह्याचा, हे सांगायला आम्ही बहुधा विसरतो.

पेणहून आत गेले की वरसई हे गाव आहे. तिथे १८६३ मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जन्मले. महाराष्ट्र त्यांना इतिहासाचार्य म्हणून ओळखतो. गंमत अशी, की १८५७ च्या धामधुमीत झाशीला जाऊन पोचलेले आणि ‘माझा प्रवास’ लिहून ठेवणारे विष्णुभट गोडसे हेही याच वरसईचे. एकाने डोळ्यांनी पाहिलेले लिहिले, दुसऱ्याने डोळ्यांनी न पाहिलेल्या काळाचे कागद शोधले. एका लहानशा गावाने मराठी इतिहासाला यापेक्षा जास्त ते काय द्यावे?

मी आयुष्यभर माणगाव परिसरात इतिहास शिकवला. वर्गात राजवाड्यांचे नाव एका ओळीत येई आणि जाई. मुले ते पाठ करीत, परीक्षेत लिहीत आणि विसरत. हा माणूस किती विलक्षण होता, किती भांडखोर होता, किती एकटा होता, हे त्या एका ओळीत मावणारे नव्हते. म्हणून आज थोडे सविस्तर.

शिक्षणावर रुसलेला विद्यार्थी

वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झाले, थोडा काळ मुंबईत आणि शेवटी पुन्हा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ पुढे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. धाकटे विश्वनाथ मात्र अभ्यासक्रमाशी कधी जुळवून घेऊ शकले नाहीत. नेमलेली पुस्तके बाजूला ठेवून ते ग्रंथालयातली न नेमलेली पुस्तके फस्त करीत. व्यायाम, भरपूर आहार आणि अफाट वाचन, असा त्यांचा दिनक्रम होता. पदवी मिळायला त्यामुळे उशीर झाला, पण त्याची त्यांना खंत नव्हती. पुढे आपल्या शाळा-कॉलेजांतल्या अनुभवांवर त्यांनी एक दीर्घ लेख लिहिला. त्यात गुरुजनांची आणि त्या शिक्षणपद्धतीची जी हजेरी घेतली आहे, ती वाचून आजही शिक्षकाने अंतर्मुख व्हावे. मी झालो आहे.

विचारांची घडण या काळातली. फ्रेंच विचारवंत कॉम्त याचा त्यांच्यावर प्रभाव पडला. समाजही शास्त्रीय दृष्टीने अभ्यासता येतो, ही ती दृष्टी. प्लेटोचे ‘रिपब्लिक’ त्यांनी मराठीत आणले. १८९४ मध्ये ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत यावेत, मराठी माणसाने ज्ञानासाठी इंग्रजीच्या दारात उभे राहू नये, असा त्यामागचा हेतू. मासिक दोन-तीन वर्षे चालले आणि बंद पडले. हेतू मात्र शेवटपर्यंत सुटला नाही.

तिशीच्या सुमारास पत्नी वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही, नोकरीतही फार काळ रमले नाहीत. संसार नाही, पगार नाही, डोक्यावर कायमचे छप्पर नाही. उरलेले सारे आयुष्य त्यांनी एका कामाला दिले.

वाईतले कागद

ते काम त्यांना वाईत सापडले. तिथल्या एका घरी त्यांच्या हाती पेशवाईतल्या पत्रांचे दप्तर आले. १७५० ते १७६१ या काळातली ती पत्रे, म्हणजे पानिपतापर्यंतची. तोवर पानिपत म्हटले, की बखरीतली वर्णने किंवा इंग्रजांनी लिहिलेला इतिहास हाच आधार होता. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला होता आणि शाळांतून त्याचीच री ओढली जात होती. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये डफच्या चुका दाखवल्या, १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रहा’ने जुने कागद छापायला सुरुवात केली, वासुदेवशास्त्री खरे आणि पारसनीस यांचेही काम चालू झाले. पण पानिपताच्या छावण्यांतली, अडचणीत सापडलेल्या माणसांनी लिहिलेली अस्सल पत्रे हाती येणे ही गोष्टच वेगळी होती. रसद कुठे अडली, कोणी उशीर केला, कोणाची नजर कुठे होती, हे आता त्या माणसांच्याच लेखणीतून कळू लागले.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढच्या वीस-एक वर्षांत खंडांची संख्या बावीसवर गेली. हे खंड एका संस्थेने, एका छापखान्याने काढलेले नाहीत. जिथे कोणी मदत करील तिथे राजवाडे थांबले, कागद उतरवले, छापले आणि पुढे निघाले. अंगावर साधे कपडे, स्वयंपाक स्वतःच्या हाताने, प्रवास बराचसा पायी. एखाद्या वाड्यात दप्तर आहे असे कळले, की दारात जाऊन उभे राहायचे. कोणी कागद दाखवी, कोणी नकार देई. वतनाचा दावा निघेल, घरातली भाऊबंदकी चव्हाट्यावर येईल, सरकारला काही कळेल, अशी भीती लोकांच्या मनात असे. राजवाडे पुन्हा जात, पुन्हा विनवीत.

या भीतीचा उलटा परिणाम मी आमच्या भागात पाहिला आहे. एका जुन्या घरात मोडी कागदांचे दोन रुमाल माळ्यावर होते. मोडी वाचणारे आजोबा गेले, मोडी शाळेतून विसाव्या शतकाच्या मध्यावर गेली, आणि घरातल्यांना त्या कागदांची अडगळ वाटू लागली. पुढे पावसाळ्यात लाकूड ओले निघाले, तेव्हा न्हाणीघरातला बंब पेटवायला तेच कागद कामी आले. मला कळले तेव्हा रुमालाची फक्त दोरी उरली होती. कोकणातला पाऊस, वाळवी आणि आपली उदासीनता, या तिघांत सर्वांत वाईट शत्रू कोणता, हे मला त्या दिवशी ठरवता आले. असे किती बंब राजवाड्यांनी वेळेवर विझवले असतील!

कागद हेच राजकारण

राजवाडे राजकीय पुढारी नव्हते. सभा गाजवणे, ठराव मांडणे त्यांना मानवत नसे. पण त्यांचा प्रत्येक खंड हे राजकारणच होते. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल पुण्यात सरकारच्या ताब्यात होते आणि इथल्या संशोधकांना ते मोकळे नव्हते. ते दप्तर उघडून त्यातले वेचे छापले गेले ते १९३० नंतर, गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या हातून. तोवर राजवाडे हयात नव्हते. सरकार कागद देत नाही ना, मग घराघरांतून दुसरे दप्तर उभे करू, असा हा खटाटोप होता. जित लोकांचा इतिहास जेत्यांनी लिहायचा आणि जितांनी तो पाठ करायचा, ही व्यवस्था त्यांना गुलामगिरीचेच एक अंग वाटे.

इंग्रजी त्यांना उत्तम येत होती. तरी त्यांनी आपले लेखन मराठीतच करण्याचा निश्चय पाळला. ज्यांना गरज असेल त्यांनी मराठी शिकून वाचावे, ही त्यांची भूमिका. याची किंमतही मोठी पडली. जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकारांचे नाव इंग्रजीमुळे देशोदेशी गेले, तर राजवाड्यांचे काम महाराष्ट्राच्या सीमेबाहेर फार थोड्यांना कळले. त्याबद्दल त्यांनी कुरकूर केल्याचे दिसत नाही.

तो काळच तसा होता. राजवाडे लिहीत असत त्या ‘ग्रंथमाले’चे संपादक प्रा. विष्णू गोविंद विजापूरकर यांना १९०८ मध्ये दुसऱ्या एका मासिकातल्या लेखापायी राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात जावे लागले. त्याच वर्षी टिळक मंडालेला गेले. आणि हे केवळ आपल्याकडेच घडत होते असे नाही. रशियात पाव्हेल मिल्युकोव्ह हा राजवाड्यांच्याच पिढीचा इतिहासकार. झारशाहीत मोकळेपणाने बोलल्याबद्दल १८९५ मध्ये त्याला मॉस्को विद्यापीठातून काढून टाकले आणि शहराबाहेर घालवून दिले. तो पुढे राजकारणात शिरला, पक्ष काढला, १९१७ च्या क्रांतीनंतर काही आठवडे परराष्ट्रमंत्रीही झाला आणि अखेर परदेशात वारला. इतिहासाची सत्ताधाऱ्यांना भीती वाटते, ती मॉस्कोत आणि पुण्यात सारखीच. फरक इतकाच, की मिल्युकोव्ह मंत्रिपदापर्यंत गेला आणि राजवाडे आणखी एका वाड्याच्या माळ्यावर चढले.

कागदांतून राजकारण कसे दिसते, याचा एक नमुना सांगतो. राजवाड्यांनी तीन वेगवेगळ्या काळांतली मराठी पत्रे घेतली आणि त्यांतले शब्द चक्क मोजले. १६२८ च्या पत्रात शंभरातले सुमारे पंचाऐंशी शब्द फारसी. शिवाजी महाराजांच्या काळातल्या, १६७७ च्या पत्रात ते प्रमाण अडतीसच्या आसपास आलेले. आणि १७२८ च्या पत्रात अवघे सहा-सात. राज्य आपले झाले की भाषा कशी मोकळा श्वास घेते, हे सांगायला शंभर व्याख्याने लागली असती. त्यांनी ते तीन आकड्यांत दाखवले. संगणक नाही, मदतनीस नाही. दिव्यापुढे बसून एकेक शब्द मोजायचा!

कोणाचीच भीड नाही

मात्र राजवाड्यांची जीभ केवळ इंग्रजांवर चालली असती, तर ते सर्वांचे लाडके झाले असते. तसे झाले नाही. खंडांच्या प्रस्तावनांत त्यांनी एकेकाला असे काही सुनावले आहे, की वाचणारा दचकतो. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी राज्याच्या उदयाचे श्रेय संतांच्या चळवळीला दिले. राजवाड्यांना ते पटले नाही. टाळ-मृदंगाच्या मार्गाने समाज सोशिक आणि निष्क्रिय झाला, त्याला हलवले ते रामदासांच्या राजकारणी उपदेशाने, असे त्यांनी ठासून मांडले. संतांसाठी त्यांनी वापरलेला शब्दही हेटाळणीचाच होता. वारीला जाणाऱ्या घरांत तो आजही बोचतो आणि मला वाटते, बोचायलाच हवा. ज्या ज्ञानेश्वरांच्या भाषेवर राजवाड्यांनी जीव टाकला, ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळवून ती १९०९ मध्ये छापली आणि तिचे व्याकरण लिहिले, त्याच परंपरेला त्यांनी असे मोडीत काढावे, हे कोडे आहे.

सनातन्यांनाही त्यांनी सोडले नाही. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर ते अखेरच्या वर्षांत लिहीत होते. लग्नाची आज पवित्र वाटणारी चौकट सुरुवातीपासून नव्हती, ती हळूहळू घडत गेली, असे त्यांनी वेदांतले आणि महाभारतातले दाखले काढून दाखवले. लेख मासिकात येऊ लागताच एकच गदारोळ उठला. पुढे कॉम्रेड डांगे यांच्यासारख्या साम्यवाद्यांनी याच विवेचनाचा आधार घेतला. धर्माभिमानी म्हणून ज्यांना ओळखावे, त्यांचे पुस्तक साम्यवाद्यांच्या टेबलावर, हे दृश्य राजवाड्यांना मुळीच विचित्र वाटले नसते. दाखला सापडला की तो लिहायचा, मग तो कोणाच्या का उपयोगी पडेना.

आमच्या कोकणालाही त्यांनी आरसा दाखवला. उत्तर कोकणातली ‘महिकावतीची बखर’ त्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी एक अवघड प्रश्न विचारला आहे. राजे आले, राजे गेले, तरी गावातल्या माणसाला त्याचे सोयरसुतक का वाटले नाही? पोटापुरते सहज मिळते, गाव आपले आपण चालते, मग वर कोण बसले आहे याची फिकीर कशाला, ही वृत्ती त्यांनी उलगडून दाखवली. परकी राज्ये इतकी सहज का रुजली, याचे उत्तर त्यांना शत्रूच्या तलवारीत दिसले नाही, तर आपल्याच बेफिकिरीत दिसले. पुस्तकाचे नाव बखर, पण प्रस्तावना थेट वाचकाच्या काळजाला हात घालणारी.

पनवेलहून आलेले उत्तर

आता जरा नाजूक गोष्ट. १९१० मध्ये सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या सहकार्याने राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. या मंडळाच्या वृत्तात त्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी अत्यंत अनुदार मजकूर लिहिला. आमच्या कुलाबा जिल्ह्यात हा समाज गावोगावचा. मराठी राज्याच्या चिटणिशीत आणि रणांगणावर त्याने काय केले, हे इथल्या पोरालाही माहीत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी याच समाजाचे. ज्या इतिहासकाराने कागदावाचून बोलू नये असा दंडक घातला, त्याची लेखणी इथे जातीच्या अभिमानाने घसरली, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर द्यायला उठले तेही आमच्याच जिल्ह्यातले. पनवेलला जन्मलेले केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार. ‘कोदण्डाचा टणत्कार’ हे त्यांचे पुस्तक १९१८ मध्ये निघाले. त्यातली भाषा राजवाड्यांच्या तोडीस तोड तिखट आहे. पण मला तिखटापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रबोधनकारांनी नुसती शिवीगाळ केली नाही, इतिहासातले दाखले काढून मुद्द्यांची उत्तरे दिली. म्हणजे राजवाड्यांचेच शस्त्र राजवाड्यांवर चालवले. वरसई आणि पनवेल यांत अंतर ते किती! पण त्या दोन गावांच्या दोन सुपुत्रांत झालेली ही चकमक मराठी वाचकाला एक धडा देऊन गेली: इतिहासकार कितीही मोठा असो, त्याचा शब्द म्हणजे निकाल नव्हे. निकाल पुराव्याचा.

राजवाड्यांचे मंडळाशीही पटेनासे झाले आणि ज्या संस्थेचा पाया त्यांनी घातला तिच्यापासून ते दूर झाले. संस्था चालवायला लागणारा सबुरीचा गुण त्यांच्याजवळ नव्हता. मंडळ मात्र टिकले, वाढले. ते वाढवणाऱ्यांत अग्रभागी होते दत्तो वामन पोतदार. तेही आमच्याच महाड तालुक्यातल्या बिरवाडीचे. राजवाड्यांनी पेटवायचे आणि पोतदारांनी जपायचे, असे जणू ठरलेलेच होते. योगायोग असा, की वरसईच्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चे मूळ हस्तलिखित १९६६ मध्ये प्रसिद्ध केले तेही याच पोतदारांनी.

धुळ्याचा शेवट

अखेरची वर्षे राजवाडे धुळ्यात राहिले. तिथे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव, भास्कर वामन भट यांच्यासारखी माणसे भोवती होती. १९२२ मध्ये त्यांनी जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य प्रस्तावनेसह छापले आणि शहाजीराजांना इतिहासात त्यांचे मोठेपण परत मिळवून दिले. तोवर शहाजीराजे म्हणजे केवळ शिवरायांचे वडील, आदिलशाहीचे एक सरदार, एवढीच ओळख होती. शब्दांच्या व्युत्पत्तीचेही काम चालू होते. हजारो धातू, हजारो शब्द, त्यांच्या चिठ्ठ्या. ३१ डिसेंबर १९२६ रोजी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. मालमत्ता म्हणावी असे मागे काही नव्हते, होते ते कागद. पुढल्याच महिन्यात धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांचा धातुकोश १९३७ मध्ये आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश १९४२ मध्ये या मंडळाने काढला. १९९० च्या दशकात त्यांचे समग्र साहित्यही तिथूनच खंडशः प्रसिद्ध झाले.

आज त्यांची कितीतरी मते टिकलेली नाहीत. व्युत्पत्तींपैकी बऱ्याच अभ्यासकांनी नाकारल्या आहेत. संतांविषयीचा त्यांचा निवाडा महाराष्ट्राने मान्य केला नाही, जातीविषयीचा तर मान्य करूच नये. पण त्यांनी मिळवलेले पत्र खोटे ठरवायचे, तर तसेच दुसरे पत्र आणावे लागते. आपल्याला खोडून काढायची साधने जो माणूस स्वतःच मिळवतो, छापतो आणि लोकांच्या हाती देतो, त्याला भांडखोर म्हणून सोडून देता येत नाही. मते मांडणारे पुष्कळ असतात. मतांची उलटतपासणी ज्याने होईल तो पुरावा जपणारे थोडे. हल्ली इतिहासावरून रस्त्यावर येणाऱ्यांची संख्या वाढली आहे, दप्तरात डोके घालणाऱ्यांची मात्र वाढलेली दिसत नाही. आवाज चढवायचा तर राजवाड्यांसारखा जरूर चढवावा, पण आधी माळ्यावर चढावे.

२०२१ च्या जुलैत महाडला सावित्रीचा पूर आला, तेव्हा घराघरांतल्या चीजवस्तूंचा चिखल झाला. त्यात कोणाच्या पेटीतले किती जुने कागद गेले, याची मोजदाद कोणी केली नाही, करणे शक्यही नव्हते. ज्यांच्या घरी अजून एखादा रुमाल, एखादी सनद, खताची जुनी वही किंवा आजोबांची पत्रे शिल्लक आहेत, त्यांनी यंदाचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी ती बाहेर काढावीत, उन्हात नव्हे, सावलीत वाळवावीत, कोरड्या फडक्यात बांधावीत आणि मोडी जाणणाऱ्या कोणाला तरी दाखवावीत. त्यात राजाचे नाव नसेल. एखाद्या गहाण पडलेल्या शेताचे, एखाद्या विधवेच्या हक्काचे, एखाद्या विहिरीच्या पाण्याचे भांडण असेल. असू द्या. राजवाड्यांना तेही पुरले असते.